बोगद्यासाठी चौदा सूचना आणि एक चंद्र

९. बोगद्यात वाहनात बिघाड जाणवल्यास ते जवळच्या आपत्कालीन थांब्यात उभे करावे, इंजिन बंद करावे, किल्ली वाहनातच ठेवावी व भिंतीवरील फोनवरून नियंत्रण कक्षाला कळवावे.

चौदा सूचनांपैकी ही नववी सगळ्यांत चांगली उतरली आहे, असे ती लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत होते. एका वाक्यात चार क्रियापदे, चारही आपापल्या जागी, एकही दुसऱ्याच्या पायात येत नाही. मात्र त्यांचे मत सव्वीस वर्षांच्या नोकरीत कोणी विचारले नव्हते.

रस्ते खात्याच्या कचेरीत त्यांना सगळे सूचनाकार म्हणत. हुद्दा वरिष्ठ लिपिकाचा, पण ‘येथे वाहन उभे करू नये’पासून ‘पुढे काम चालू आहे, सावकाश जा’पर्यंत खात्याची जी म्हणून पाटी रस्त्यावर उभी होती, ती त्यांच्या टेबलावरून गेलेली होती. पाटीखाली लिहिणाऱ्याचे नाव घालायची पद्धत नाही. खाली ‘आदेशावरून’ असते. सूचनाकार गेली सव्वीस वर्षे ‘आदेशावरून’ या नावाने लिहीत होते.

डोंगराखालून सव्वातीन किलोमीटरचा बोगदा झाला, तेव्हा त्याची सुरक्षा पत्रिकाही त्यांनीच लिहिली. आणि इथेच घात झाला. लिहायला बसेपर्यंत त्यांना बोगद्याची अजिबात भीती नव्हती. पण सूचना लिहायची म्हणजे आधी संकट डोळ्यांसमोर आणावे लागते. पुढची गाडी अचानक थांबली तर? धूर झाला तर? दिवे गेले तर? सूचनाकार कामाला चोख असल्यामुळे त्यांनी चौदा संकटे नीट, सावकाश, एकेक करून डोळ्यांसमोर आणली. पत्रिका छापून झाली, ती टोलनाक्यावर प्रत्येक गाडीत टाकली जाऊ लागली, लोक ती न वाचता बोगद्यातून मजेत जाऊ लागले. संकटे मात्र सूचनाकारांच्या डोळ्यांसमोरून हलली नाहीत.

डोंगरापलीकडे त्यांची मुलगी राहायची. बोगद्यातून सव्वा तास, जुन्या घाटाने सव्वादोन. बोगदा सुरू झाल्यापासून ते नऊ वेळा तिच्याकडे गेले, नऊही वेळा घाटाने.

“घाटातून दृश्य काय दिसतं,” ते बायकोला सांगायचे.

बायकोला गाडी लागायची. ते दृश्य तिने नऊही वेळा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून पाहिले होते.

इथे गोष्ट जरा मागे घ्यावी लागते. बोगद्यात वाहन मागे घेऊ नये (क्र. ८), पण आपण अजून बोगद्यात शिरलेलो नाही.

तर, नातीच्या शाळेत एका शनिवारी कार्यक्रम होता. त्याच्या तीन आठवडे आधी तिचा फोन आला. नात सात वर्षांची, बोलणे हेडमास्तरांचे.

“आजोबा, नाटकात मी चंद्र आहे.”

“अरे वा.”

“मला एक वाक्य आहे. आणि चंद्र तुम्ही करायचा. तीन फुटी. बाई म्हणाल्या, चकाकला पाहिजे.”

“करतो की.”

“आणि वेळेवर या. चार वाजता. मागच्या वर्षी मी ससा होते तेव्हा तुम्ही आलात, तोवर मी कपडे बदलून बसले होते.”

“घाटात ट्रक आडवा होता गं.”

“आई म्हणाली, बोगद्यातून आला असतात तर पोचला असतात.” आणि मग, “आजोबा, चंद्र नसला तर मी नुसतीच उभी दिसेन.”

ही शेवटची ओळ सूचनाकारांच्या काळजात अशी बसली की त्यांनी त्याच दिवशी पुठ्ठा आणला. चंद्र आठ दिवसांत तयार झाला. चंदेरी कागद, मागे काठी, मधे दोन हलके डाग, कारण डाग नसलेला चंद्र त्यांच्या प्रामाणिक स्वभावात बसेना. बायको म्हणाली, “आपल्या लग्नातल्या फोटोवरसुद्धा तुम्ही एवढी मेहनत घेतली नव्हती.” फोटोवर मेहनत कशी घेतात, हे त्यांनी विचारले नाही.

नवव्या दिवशी कचेरीत त्यांच्या टेबलावर एक फाईल आली. जुना घाट दुरुस्तीसाठी दोन महिने बंद. सूचना तयार करावी. सूचनाकारांनी पेन उघडले, बंद केले, पाणी प्यायले, पुन्हा उघडले. आणि स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘पर्यायी मार्ग : बोगदा.’ खाली लिहिले, ‘आदेशावरून.’

बसने जाण्याचा विचार झाला. बसस्थानकावरच्या कंडक्टरने चंद्र पाहिला, वरून खाली पाहिला, बाजूने पाहिला.

“याला सीट लागेल,” तो म्हणाला.

“तिकीट काढतो ना.”

“तिकीट माणसाचं असतं. सामान असेल तर टपावर. टपावर हा उडेल. उडाला तर जबाबदार कोण?”

सूचनाकारांना हा प्रश्न फार योग्य वाटला आणि ते चंद्र घेऊन परत आले. म्हणजे आता स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत, स्वतःच्या चौदा संकटांमधून जाणे आले. बायको गाडी शिकली नव्हती. दोनदा शिकायला निघाली होती, दोन्ही वेळा सूचनाकारांनी तिला गाडीत बसण्याआधीच इतक्या सूचना दिल्या की ती परत घरात जाऊन बसली.

सराव हवा, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या इमारतीला तळघर होते. गाड्या लावायचे, लांबट, बुटक्या छताचे. दिवे घालवले की जवळजवळ बोगदाच. त्यांनी सोसायटीला अर्ज केला.

*विषय : तळघरातील दिवे रविवारी सकाळी अर्धा तास बंद ठेवण्याबाबत.*

सेक्रेटरी अर्ज घेऊन स्वतः वर आले. “कारण लिहिलेलं नाही.”

“वैयक्तिक आहे.”

“वैयक्तिक कारणाने दिवे घालवता येत नाहीत. चोर पण वैयक्तिक कारणानेच दिवे घालवतो. लेखी कारण द्या.”

सूचनाकारांनी दाराकडे पाठ करून कारण लिहिले. संध्याकाळी ते कारण, नियमाप्रमाणे, लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागले : ‘वरील रहिवाशांना बोगद्याची भीती असल्या कारणाने रविवारी तळघरात अंधार राहील याची नोंद घ्यावी.’ सूचनाकार बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले. आपली भीती चव्हाट्यावर आली याचे दुःख होतेच, पण ‘असल्या कारणाने’ हे वाचून ते जास्त झाले.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आयुष्यभर खाडीवर फेरीबोट चालवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत.

“बोगदा म्हणजे काय हो,” कॅप्टन म्हणाले, “उभ्या काठांची खाडी. नाक सरळ ठेवायचं आणि काठाकडे बघायचं नाही. काठाकडे बघितलं की माणूस काठालाच जातो.”

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी तर रोज त्याहून लहान बोगद्यात काम करते. घाबरणाऱ्याला मी सांगते, डोळे मिटा आणि नाकाने श्वास घ्या.”

“गाडी चालवताना डोळे मिटायचे?” कॅप्टनांनी विचारले.

“ते मला माहीत नाही. माझ्या खुर्चीत कोणी गाडी चालवत नाही.”

रविवारी तळघरात सूचनाकारांच्या अपेक्षेपेक्षा अकरा माणसे जास्त होती. बोगद्यात ठरावीक अंतरावर दिवे असतात म्हणून कॅप्टनांनी शेजाऱ्यांना दर दहा पावलांवर बॅटरी देऊन भिंतीला उभे केले होते. सेक्रेटरी पाचवा दिवा होते. कॅप्टन स्वतः मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, “सोडा.”

पहिले चार दिवे उत्तम गेले. सूचनाकारांना वाटले, जमतेय. पाचव्या दिव्याला शिंक आली. बॅटरीचा झोत आधी छताला, मग सूचनाकारांच्या डोळ्यांत गेला. त्यांनी काठाकडे पाहिले. कॅप्टन म्हणाले होते तसेच झाले. काठाला पाण्याचा पंप होता.

गाडीला एक पोचा आला. पंप मात्र जागेवरून हलला, आणि मग तो पुन्हा जागेवर बसेपर्यंत दोन दिवस इमारतीत पाणी चढले नाही. बोर्डावर नवीन कागद लागला : ‘बोगद्याच्या सरावामुळे पाणी येणार नाही.’ लोक जिन्यात बादल्या घेऊन भेटत आणि सूचनाकारांना आपुलकीने विचारत, “मग? गेली का भीती?”

शनिवारी दुपारी दोन वाजता ते निघाले. पुढच्या सीटच्या पाठीला सुतळीने चंद्र बांधला होता. त्याने डावा आरसा झाकला होता. बायको मागे बसली. तिच्या मांडीवर मुलीसाठी घेतलेला लोखंडी तवा, पाण्याच्या तीन बाटल्या आणि डबे भरलेली पिशवी. पावणेतीनला बोगद्याचे तोंड दिसले. टोलनाक्यावरच्या माणसाने खिडकीतून पत्रिका आत टाकली. सूचनाकारांनी ती उचलून, सरळ करून, जपून खणात ठेवली.

“हे बघ,” त्यांनी बायकोला सांगितले, “सूचना क्रमांक सहा. बोगद्यात बोलू नये.”

“बरं.”

“एक शब्द नाही.”

“म्हणजे काहीही झालं तरी?”

“काहीही झालं तरी. बोगदा संपेपर्यंत.”

“लक्षात ठेवा हं, तुम्ही म्हणालात,” बायको म्हणाली, आणि तिने ओठ मिटले.

आणि मग डोंगर अंगावर आला आणि उजेड मागे राहिला आणि त्यांनी दिवे लावले (क्र. १) आणि पुढच्या टेंपोपासून शंभर मीटर अंतर ठेवले (क्र. ४) आणि त्या अंतरात लगेच तीन गाड्या येऊन शिरल्या म्हणून पुन्हा शंभर मीटर ठेवले आणि तेही भरले, आणि नाक सरळ ठेवले आणि काठाकडे पाहिले नाही आणि डोळेही मिटले नाहीत, आणि डोक्यावरचे पिवळे दिवे एकामागून एक चंद्रावरून सरकत गेले आणि चंद्र सारखा उजळत विझत राहिला, आणि एक किलोमीटर झाला, आणि त्यांना वाटले की हे तर नुसते रस्त्यावर छप्पर आहे, आणि तेवढ्यात मागे बायकोचे गुडघे तव्याच्या वजनाने आखडले म्हणून तिने काही न बोलता पिशवी उचलून हळूच पुढच्या रिकाम्या सीटवर, चंद्राच्या पायथ्याशी ठेवली, आणि गाडी टिंग टिंग करू लागली

टिंग

टिंग

टिंग.

सूचनाकारांनी हा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता, कारण त्यांच्या गाडीत पट्टा लावल्याशिवाय आजवर कोणी बसलेच नव्हते. समोर एक लाल चित्र लुकलुकत होते. ते बघायला खाली पाहावे लागले असते, आणि बोगद्यात नजर रस्त्यावरून हटवू नये (क्र. ५). त्यांना एवढेच कळले की लाल आहे आणि वाजते आहे.

मागे बायकोला सगळे ठाऊक होते. पिशवी ठेवली आणि वाजले, यात न कळण्यासारखे काय होते? तिने तोंड उघडले. मग तिला आठवण झाली. तिने तोंड मिटले आणि खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहत बसली.

सूचनाकारांच्या अंगात मात्र एक विलक्षण शांतता आली. ज्या संकटाची वाट ते दीड वर्ष पाहत होते, ते आले होते, आणि त्याची सूचना त्यांना पाठ होती. आपत्कालीन थांबा दिसताच त्यांनी गाडी त्यात उभी केली, इंजिन बंद केले, किल्ली आतच ठेवली. चार क्रियापदांपैकी तीन झाली. ते उतरून भिंतीवरच्या फोनपाशी गेले.

“नियंत्रण कक्ष. कितव्या फोनवरून बोलताय?” एका बाईचा आवाज आला.

“सतरा.”

“काय झालंय?”

“गाडी वाजते आहे.”

“कशी?”

सूचनाकारांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “टिंग, टिंग, टिंग.”

“धूर आहे का?”

“अजून नाही.”

या ‘अजून’ने सगळे झाले. नियंत्रण कक्षातल्या बाईंच्या पुढ्यात जो छापील तक्ता होता, त्यात धुरासमोर दोनच चौकोन होते : आहे, नाही. ‘अजून नाही’ला चौकोन नव्हता. आणि तक्त्याच्या तळाशी स्पष्ट लिहिले होते : ‘शंका असल्यास “आहे” समजावे. आदेशावरून.’

तीस सेकंदांत बोगद्यातले सगळे दिवे लाल झाले. गाड्यांची रांग थांबली. छतावरच्या लाऊडस्पीकरमधून एक भारदस्त आवाज घुमू लागला : “घाबरू नये. इंजिन बंद करावे. किल्ली वाहनातच ठेवावी. सामान सोबत न घेता हिरव्या बाणाच्या दिशेने बाहेर पडावे.”

सूचनाकार फोन हातात धरून जागीच उभे राहिले. त्यांची वाक्ये. त्यांची स्वतःची वाक्ये, डोंगराच्या पोटात, असा आवाज लावून म्हटलेली. क्षणभर ते विसरले की बोगदा आपणच बंद पाडला आहे.

लोक गाड्यांतून उतरू लागले. सूचनाकारांनी बायकोला हाताने उतरण्याची खूण केली. ती उतरली आणि त्यांच्याकडे अशा नजरेने पाहू लागली की त्यांना वाटले, बिचारी घाबरली आहे. मग त्यांचे लक्ष चंद्राकडे गेले. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

*सामान सोबत न घेता.* क्रमांक दहा. लिहिताना त्यांनी त्यात ‘कोणतेही’ हा शब्द घालायचा का, याचा अर्धा दिवस विचार केला होता. आत चंद्र लाल उजेडात तांबडा दिसत होता. नुसतीच उभी दिसेन, असे नात म्हणाली होती. सूचनाकारांनी एकदा लाऊडस्पीकरकडे पाहिले, सुतळी सोडली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची सूचना मोडली.

सुटकेची वाट अरुंद होती. शे-दीडशे माणसे एकामागे एक चालली होती आणि सगळ्यांच्या पुढे तीन फुटी चंद्र. मागून एक कोटवाले गृहस्थ रागाने चालत होते.

“कोणा शहाण्याने थांबवलाय हा बोगदा?” ते म्हणाले. “चारला मला पलीकडे पोचायचंय.”

“मलाही,” सूचनाकार चंद्राआडून म्हणाले.

“आणि हे काय घेतलंय? सामान घेऊ नका म्हणतायत ना?”

“चंद्र आहे.”

कोटवाले चंद्राकडे बघत चालू लागले.

अर्ध्या तासाने नारिंगी जाकिटातला एक कर्मचारी आला. त्याच्या हातात पिशवी होती. “सतरा नंबरची गाडी कुणाची? काही बिघाड नाही. ही पिशवी सीटवर होती, म्हणून पट्ट्याची घंटा वाजत होती. उचलली, चावी फिरवली, गप्प.” त्याने पिशवीत डोकावून पाहिले. “तवा आहे.”

दीडशे माणसे सूचनाकारांकडे वळली. चंद्र तीन फुटांचाच होता, त्याच्याआड पूर्ण माणूस मावत नाही. सूचनाकारांनी बायकोकडे पाहिले.

“तुला माहीत होतं?”

बायकोने लांब श्वास घेतला. “इथे बोललेलं चालेल का? की हा पण बोगदाच?”

“अगं बोल की.”

“मला पहिल्या टिंगलाच माहीत होतं,” ती म्हणाली. “पण काहीही झालं तरी, असं कोण म्हणालं होतं?”

बोगदा पुन्हा सुरू झाला आणि चार वाजून वीस मिनिटांनी ते शाळेच्या दारात पोचले. सूचनाकार चंद्र डोक्यावर धरून धावले. ससा त्यांना आठवत होता. सभागृहात शिरले, तर पडदा अजून बंद, लोक वारा घेत बसलेले.

मुलगी दारातच भेटली. “बाबा, तुम्ही? वेळेवर?”

“सुरू नाही झालं?”

“प्रमुख पाहुणेच आले नाहीत. कुठेतरी बोगद्यात अडकलेत म्हणे.”

सूचनाकारांच्या मागूनच कोटवाले गृहस्थ घाम पुसत आत आले. मुख्याध्यापकबाई हार घेऊन त्यांच्याकडे धावल्या.

नाटक झाले. चंद्र चकाकला. जंगलात वाट चुकलेली मुले रडू लागली तेव्हा चंद्राआडून नातीने डोके बाहेर काढले आणि आपले एकुलते एक वाक्य ठणठणीत म्हटले : “घाबरू नका, मी आहे ना वर.” सूचनाकारांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली, सगळ्यांत शेवटी थांबवली. भाषणाला उभे राहिलेले कोटवाले चंद्राकडे बोट दाखवून म्हणाले, “या चंद्राबरोबर मी आज अर्धा तास पायी चाललो आहे,” आणि सभागृहाला वाटले, फार खोल बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात सुट्टीसाठी त्यांच्याबरोबर निघाली. चंद्र शाळेने ठेवून घेतला. नात आणि आजी मागे, दोघींना पट्टे. बोगद्याच्या तोंडाशी सूचनाकारांनी क्रमांक सहाची आठवण करून दिली. “हो, माहितेय,” बायको म्हणाली. नात म्हणाली, “पण वाचलेलं चालतं ना?”

यावर सूचना नव्हती. तोवर बोगदा सुरूही झाला होता.

नात भिंतीवरच्या पाट्या वाचू लागली. नुकतेच जमू लागलेले, बोट धरून चालल्यासारखे वाचन. “दि-वे… लावावेत. अंतर… ठेवावे. नजर… रस्त्यावर… असू द्यावी.” एकेक वाक्य सूचनाकारांच्या पाठीमागून येत होते. लाऊडस्पीकरपेक्षा हा आवाज बराच बारीक होता.

“आजोबा,” ती मधेच म्हणाली, “हे सगळं कोणी लिहिलंय?”

सव्वीस वर्षे झाली, हे कोणी विचारले नव्हते. सूचनाकारांचे तोंड उघडले. समोर टेंपो होता, बाजूने ट्रक जात होता, आणि डाव्या भिंतीवर, त्यांच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘बोगद्यात बोलू नये.’ त्यांनी तोंड मिटले. स्टिअरिंग घट्ट धरले. अजून दीड किलोमीटर होता, आणि सात वर्षांच्या माणसाचा प्रश्न दीड किलोमीटर टिकत नाही हे त्यांना चांगले ठाऊक होते.

मागे बायकोनेही ओठ मिटलेले होते. तिने नातीच्या खांद्यावर हात ठेवला, तिचे आपल्याकडे लक्ष गेल्याची खात्री केली आणि तर्जनी उचलून सूचनाकारांच्या टकलाकडे रोखली. सहाव्या सूचनेत बोलण्याबद्दल लिहिलेले होते. बोट दाखवण्याबद्दल काहीच नव्हते.

हे सगळे सूचनाकारांना मधल्या आरशात दिसले. नजर रस्त्यावरून हटवू नये, पण आरशात पाहावे, असे पाचव्यातच पुढे आहे.

नातीने त्यांच्या टकलाकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग पुन्हा टकलाकडे. पुढची पाटी आली तेव्हा ती सरळ बसली आणि आधीपेक्षा मोठ्याने, एकही अक्षर न गाळता वाचू लागली. खालचे ‘आदेशावरून’ तेवढे तिने सोडून दिले आणि त्या जागी दर वेळी म्हटले, “आजोबा.”

सतरा क्रमांकाचा फोन कधी मागे गेला, ते सूचनाकारांना कळलेच नाही.